मे महिन्याचा उजळ पट्टा

गुणी हा शब्द मला आता ऐकवत नाही. कुणी कुणाच्या मुलाला गुणी म्हटलं की मी त्या मुलाच्या डोळ्यांकडे निरखून बघायला लागते, आणि त्याच्या आईला वाटतं की मला मत्सर वाटला. वाटू दे.

आमच्या घरात गुणी म्हणजे रेवा. माझ्या नणंदेची, सुनेत्राताईंची मुलगी. राहायची पनवेलला, पण मे महिना लागला की अलिबागला आमच्याकडे, म्हणजे मामाकडे यायची. बिनचालकाची एसटी सुरू झाली तरी ती वडखळला अडकायची ती अडकायचीच, आणि तेवढ्या वेळात माझी जुई 'गाडी कुठे पोचली' म्हणून माझा जीव खायची. दोघी एका वयाच्या, तेव्हा आठ वर्षांच्या. जुई म्हणजे कार्टीच. घरात तिच्या आधी तिचा आवाज शिरायचा. रेवा मात्र दारात चपला जोडीने भिंतीला लावून ठेवायची आणि सगळ्यांना वाकून नमस्कार करायची. पाणी प्यायच्या आधी विचारायची. एकदा झोपाळ्यावरून पडून तिचा गुडघा फुटला, तर तिने गुडघ्याकडे बघितलंसुद्धा नाही. माझ्या तोंडाकडे बघत राहिली. रडली नाही. शेजारच्या वैद्यबाई म्हणाल्या, "संस्कार दिसतात हो!"

दिसणारच. तिचे वडील विद्याधर सबनीस पनवेलला मुलांसाठी संस्कारवर्ग चालवायचे. त्यांच्या वर्गात जागा मिळावी म्हणून आईबाप एकमेकांच्या ओळखी काढायचे. त्या माणसाने आवाज चढवलेला कुणी कधी ऐकला नव्हता. मी जुईला उठताबसता सुनवायचे, "रेवाकडून शीक जरा."

एक मात्र गंमत वाटायची. मे महिना अर्धा सरला की रेवाला काहीतरी व्हायचं. ती मोठ्याने हसायला लागायची. आंब्याच्या बाठ्यासाठी जुईशी मारामारी करायची, मला उलट उत्तरं द्यायची. आम्ही म्हणायचो, जुईच्या नादाला लागून पोर बिघडली. मग जायचे दिवस जवळ आले की ती पुन्हा गप्प व्हायची आणि कुणी न सांगता आपले फ्रॉक घड्या घालून ठेवायची.

हे सगळं माझ्या डोळ्यांसमोर घडत होतं, आणि माझं काम होतं मुलांची भीती शोधून काढण्याचं.

मी अलिबागच्या दंतवाचन केंद्रात आहे. पूर्वी पडलेला दुधाचा दात कौलांवर फेकायचे. दूधदात योजना आल्यापासून मूल तो शाळेत देतं, शाळा पालकांची सही घेऊन तो आमच्याकडे पाठवते. दुधाचा दात पडेपर्यंत जिवंत असतो. त्याच्या आतल्या पोकळीच्या कडेने रोज एक थर बसतो, डोळ्यांना दिसणार नाही इतका पातळ. मूल घाबरलं की त्याच्या रक्तात ताणाची रसायनं वाढतात आणि त्या दिवसाचा थर नीट पक्का होत नाही, काळपट राहतो. झाडाच्या बुंध्यावर वर्षांची वलयं असतात तसंच हे, फक्त दिवसांचं. एखाद्या तापाने एखादी रेघ उमटते. पण मूल महिनोन्‌महिने भेदरून जगत असेल तर रेघांचा मिळून गर्द पट्टा होतो. आमचं यंत्र दात चिरून, केसाहूनही बारीक चकती काढून, त्यातली शेवटची दोन वर्षं वाचतं. त्यामागचे थर एकमेकांत इतके दाबलेले असतात की त्यांच्यावर भरवसा ठेवता येत नाही.

यंत्र 'कधी' ते सांगतं. 'कुणी' आणि 'काय' ते सांगत नाही. ते शोधायला बालरक्षा पथक असतं. योजनेच्या पहिल्याच वर्षी आम्ही अशी मुलं शोधून काढली, ज्यांच्याकडे कुणी ढुंकूनही बघितलं नसतं. अंगावर वळ नाही, तोंडात तक्रार नाही, आणि दातात मात्र काळोख. त्या वर्षी मला वाटलं होतं की आता मुलांना छळणाऱ्यांना लपायला जागाच उरली नाही. माझ्याइतकी मूर्ख बाई दुसरी नसेल.

त्या मे महिन्यात कैरी खाताना रेवाचा दात पडला. तो नेमका तिचे हसण्याचे दिवस चालू असताना पडला, त्यामुळे तिने आनंदाने किंकाळी फोडली. आमच्या इमारतीला कौलं कुठली? जुईने तो वॉचमनच्या केबिनच्या पत्र्यावर फेकायचा बेत केला. मी म्हटलं, "आणा इकडे. मी यंत्रात घालते आणि तुम्हाला दाताच्या आतलं चित्र दाखवते." दोघी नाचायलाच लागल्या. पालकांची सही वगैरे माझ्या डोक्यातही आलं नाही. घरचीच मुलगी, घरचाच दात. गुणी मुलीच्या दाताचं स्वच्छ चित्र भिंतीवर लावू, एवढाच माझा विचार होता.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत मी तो दात यंत्रात घातला आणि डबा उघडला. पहिला घास घ्यायच्या आत पडद्यावर लाल चौकट आली.

चित्र काळं होतं. कडेपासून कडेपर्यंत गर्द, आणि त्यात दोन उजळ पट्टे, स्वच्छ दुधाच्या रंगाचे. यंत्राने तारखा लावल्या. एक पट्टा गेल्या मे महिन्याचा, दुसरा या महिन्याचा. मला वाटलं यंत्र बिघडलं. उरलेला तुकडा पुन्हा घातला. तेच आलं.

यंत्र हे कसं ठरवतं ते इथे सांगायला हवं. प्रत्येक मुलाच्या दाताचा मूळ रंग वेगळा असतो. गावचं पाणी, खाणंपिणं, जन्मतःची ठेवण, सगळ्याचा त्यावर परिणाम होतो. म्हणून यंत्र एका मुलाचा दात दुसऱ्याच्या दाताशी ताडून बघत नाही. ते त्या मुलाचे स्वतःचे शांत दिवस शोधतं आणि बाकीचे दिवस त्यांच्या शेजारी ठेवून बघतं. रेवाचे शांत दिवस इतके ठळक होते की बाकीच्या दिवसांबद्दल शंकाच उरत नव्हती. ती वर्षातून एक महिना जगत होती, आणि तो महिना आमच्या घरातला होता. मी डबा तसाच बंद केला आणि हात धुवायच्या जागी जाऊन रडले.

घरी आल्यावर उदयला, माझ्या नवऱ्याला, सांगितलं. मुली खाली खेळत होत्या.

"ताईच्या घरात?" तो म्हणाला. "मंजू, भावोजींनी आजवर कधी आवाज चढवलेला नाही."

"दातात आवाजाची नोंद होत नाही, उदय. भीतीची होते."

"एका दातावरून तू माझ्या बहिणीला..." त्याने खिडकीतून खाली खेळणाऱ्या मुलींकडे बघितलं. मग म्हणाला, "आधी ताईशी बोल. पथकबिथक नंतर. घरातलं घरात मिटवू."

शिक्षकांच्या प्रशिक्षणात मी स्वतः फळ्यावर लिहून देत असे, की संशय आला तर त्या घरातल्या माणसांना आधी कधीही विचारू नका. विचारलंत की मूल तुमच्या हातातून गेलं. पण नणंदेवर सरळ तक्रार करायची म्हणजे काय, हे त्या फळ्यावर कुठे लिहिलेलं नव्हतं. मला उदयचं म्हणणं पटलं. रेवाला पोचवायच्या निमित्ताने मी हापूसची पेटी घेऊन पनवेलला गेले.

विद्याधर भावोजी वर्गावर होते. रेवाने आल्या आल्या आपली बॅग जागेवर ठेवली, आम्हा दोघींना पाणी आणून दिलं आणि आतल्या खोलीत जाऊन बसली. आदल्या आठवड्यात हीच मुलगी माझ्या पलंगावर उड्या मारत होती. सुनेत्राताई पेटीतले आंबे काढून गवतावर मांडत होत्या. मी विषय काढला.

"आम्ही तिला मारत नाही गं," त्या शांतपणे म्हणाल्या. "विचार तिलाच. यांनी तिला कधी बोटसुद्धा लावलेलं नाही."

"मग ती चुकली तर काय करता?"

"बोलत नाही तिच्याशी. कुणीच नाही. तिला आपली चूक कळेपर्यंत."

"म्हणजे दिवसभर?"

"ते तिच्यावर असतं. दिवाळीत जरा लांबलं होतं. पाहुणे आले तर अडचण नको म्हणून मग ती पोटमाळ्यावर बसते. शांत असतं तिथे, विचार करता येतो." एक आंबा त्यांनी हुंगून बाजूला ठेवला. "माझं चुकलं तर माझ्याशीही नाही बोलत ते. तसं त्यांना वागावं लागतं म्हणून त्यांनाच किती त्रास होतो. तू उगाच मनाला लावून घेतेस."

"ताई, ती घाबरते. दातात दिसतंय."

तेव्हा पहिल्यांदा त्यांचा हात थांबला. त्यांनी दाराकडे बघितलं. "मंजिरी, तुझ्या पाया पडते, हे त्यांच्यासमोर काढू नकोस."

मला त्या बाईचा राग आला, आणि कीवही आली. परत येताना एसटीतूनच मी बालरक्षा पथकाला कळवलं.

पथक गेलं. पण सुनेत्राताईंनी घाबरून नवऱ्याला सगळं सांगून टाकलेलं होतं, आणि त्यांच्या घरात आता सगळी तयारी होती. पोटमाळ्यावर गादी, दिवा आणि गोष्टींची पुस्तकं. रेवाने पथकातल्या दोघांना वाकून नमस्कार केला, सगळ्या प्रश्नांची नीट उत्तरं दिली, अथर्वशीर्ष म्हणून दाखवलं. पथकातल्या बाईंचा भाचा त्याच संस्कारवर्गात जात होता. त्या मला फोनवर म्हणाल्या, "अहो, इतकी गुणी मुलगी! आमच्या पोरांनी हिच्यासारखं बसून दाखवावं." आणि दात? तो पालकांच्या सहीशिवाय वाचलेला. पुरावा म्हणून त्याला काही किंमत नाही. वरून हुकूम आला, ते वाचन यंत्रातून पुसलं गेलं, आणि मला ताकीद मिळाली. दाताचा काही भाग शिल्लक नव्हताच. दोनदा चिरण्यात तो संपला होता, आणि त्या चकत्याही वाचनाबरोबर नष्ट केल्या गेल्या.

मग विद्याधर भावोजींचा उदयला फोन आला. उदयने तो मलाही ऐकवला. किती मऊ आवाज! "उदय, मंजिरीताई फार थकलेल्या दिसतात. त्यांची काळजी घे. आणि हो, रेवाचं आता घडण्याचं वय. यापुढे मे महिन्यात ती माझ्या शिबिरालाच असेल."

एवढंच बोलले. रागाचा एक शब्द नाही. फोन ठेवल्यावर मला कळलं की मी काय करून बसले. दोन उजळ पट्टे होते तिच्याकडे, ते मी घालवले.

पुढची दोन वर्षं रेवा आली नाही. पहिल्या मे महिन्यात जुई रोज विचारायची, दुसऱ्यात तिने विचारणं सोडलं. उदय माझ्यावर ओरडला नाही. तो माझ्याशी कामापुरतं बोलू लागला. "तुझ्यामुळे माझी बहीण तुटली," एकदाच म्हणाला. मी रेवाच्या शाळेत जाऊन वर्गशिक्षिकेला भेटले. तिने कौतुकाने सांगितलं की रेवा यंदाची आदर्श विद्यार्थिनी आहे, वर्गात असून नसल्यासारखी असते. मी पुन्हा तक्रार केली. या वेळी पथक गेलंसुद्धा नाही.

एकच आशा होती. रेवाचा पुढचा दात शाळेतून येईल. सहीसकट, शिक्क्यासकट, कायद्याने. रायगड जिल्ह्यातले सगळे दात आमच्याच केंद्रात येतात. सही नाकारली तर चारचौघांत प्रश्न विचारले जातात, म्हणून सबनीस नाकारणार नाहीत याची मला खात्री होती. आणि एकदा ते काळं चित्र रीतसर पडद्यावर आलं की मला थकलेली म्हणायची कुणाची टाप नव्हती. एका पोरीचा दात कधी पडतो याची मी देव पाण्यात घालून वाट बघत होते.

तो आला. सुळा होता. पाकिटावर रेवा विद्याधर सबनीस, इयत्ता पाचवी. मी दार लावून घेतलं आणि दात यंत्रात ठेवला.

पडद्यावर हिरवी चौकट आली. 'पट्टे आढळले नाहीत. वाढ नियमित. चिंतेचे कारण नाही.'

मी चित्र मोठं केलं. कडेपासून कडेपर्यंत काळपट, एकसारखं. त्यात कुठेच उजळ जागा नव्हती. यंत्राने नेहमीप्रमाणे तिचे शांत दिवस शोधले होते. वेगळे असे दिवस त्याला सापडलेच नाहीत. मग त्याने तो काळपटपणा हाच या मुलीच्या दाताचा मूळ रंग धरला आणि ते पुढे गेलं.

मी डॉक्टर कुरण्यांना, आमच्या प्रमुखांना, बोलावून आणलं. माणूस सरळ आहे. त्यांनी चष्मा कपाळावर चढवून बराच वेळ चित्र बघितलं.

"काळपट आहे खरं," ते म्हणाले. "पण हिचा मूळ रंगच असा नसेल कशावरून?"

"मी हिचा आधीचा दात बघितलाय. मूळ रंग दुधासारखा आहे."

"तो दात कुठे आहे?"

मी रिकामे हात दाखवले. ते पुन्हा चित्राकडे वळले. मग त्यांचा चेहरा हळूहळू उतरला. "मंजिरीबाई," ते म्हणाले, "आजवर आपण जी मुलं नियमित म्हणून परत पाठवली, त्यांच्यात अशी किती असतील?"

खोलीत भिंतभर कपाटं होती आणि त्यांत तपासलेल्या चकत्या. आम्ही दोघांनी त्यांच्याकडे बघितलं. ज्या मुलाला कधीच भीती वाटली नाही आणि ज्याला भीतीतून कधीच सुट्टी मिळाली नाही, त्या दोघांत आमच्या यंत्राला फरक कळत नव्हता. अधूनमधून सुटणारी मुलं तेवढी आम्ही पकडत होतो. ज्यांना आजोळ नाही, शेजार नाही, एक महिना नाही, त्यांना आम्ही हिरवी चौकट छापून देत होतो.

कुरण्यांनी वर लिहिलं. उत्तर आलं की सूचना स्वागतार्ह आहे, अभ्यासगट नेमला जाईल, तोवर वाचन नेहमीच्या पद्धतीने चालू ठेवावं. रेवाच्या अहवालावर सही माझी लागत होती. मी केली नाही, तर दुसऱ्या टेबलावरच्या मुलाने केली.

सुनेत्राताईंनी तो अहवाल घरच्या ग्रुपवर टाकला. खाली हात जोडलेले, फुलं, आणि 'परमेश्वराची कृपा'. उदय तो वाचून ढसाढसा रडला. इतक्या दिवसांचं ओझं उतरलं होतं त्याचं. "बघ, मी म्हणत होतो ना," असं तो म्हणाला असता तर बरं झालं असतं. तो म्हणाला, "मंजू, तुलाही किती त्रास झाला असेल." मी त्याला यंत्राची खोट समजावून सांगायला लागले. थोडं ऐकून घेऊन त्याने माझ्या खांद्यावर हात ठेवला, आजाऱ्याच्या ठेवतात तसा.

आठवड्याभरात पनवेलहून निरोप आला. गैरसमज दूर झाला असेल तर रेवाला यंदा मे महिन्यात पाठवायला आमची हरकत नाही. फक्त मंजिरीताईंनी एकदा घरी येऊन तसं म्हणावं.

माझी तळपायाची आग मस्तकात गेली. पण डोकं दुसरीकडे धावत होतं. एक मे महिना मिळाला तर रेवाला एक महिना श्वास घेता येईल, हे तर झालंच. शिवाय तिच्या दातात एक उजळ पट्टा उमटेल. तिच्या दुधाच्या दाढा अजून पडायच्या होत्या. पुढची दाढ शाळेतून आली की त्या एका पट्ट्याशेजारी ठेवून यंत्राला बाकीचा सगळा काळोख दिसेल. मग हिरवी चौकट येणार नाही. त्यासाठी माझी मान झुकली तर झुकली, असं मी ठरवलं. आमच्या घरात बायका याहून क्षुल्लक कारणांसाठी माफी मागत आल्या आहेत.

पनवेलला आम्ही दोघं गेलो. विद्याधर भावोजींनी माझं फार अगत्याने स्वागत केलं, पंखा माझ्याकडे वळवला. पोह्यांच्या बशा आल्या. मी तोंड उघडणार तेवढ्यात ते म्हणाले, "थांबा. रेवाला येऊ दे. तिच्यासमोर झालेलं बरं. मुलांच्या मनात काही राहू नये."

रेवा आली. उंच झाली होती. ती आईशेजारी सतरंजीवर मांडी घालून बसली. मला वाटलं होतं की ती माझ्याकडे बघणार नाही. पण ती बघत होती, सरळ, अगदी लक्ष देऊन. त्या घरात इतक्या वर्षांत कुणीतरी एकदा म्हटलं होतं की इथे काहीतरी चुकतंय. ते म्हणणारी मी होते, आणि हे तिला माहीत होतं. माझ्यामुळेच तर पथक आलं होतं, त्यांच्यापुढे तिने अथर्वशीर्ष म्हटलं होतं. आता ती मी काय बोलते ते ऐकायला बसली होती.

"माझी चूक झाली," मी म्हणाले. "या घरात तसं काहीही नाही."

"रेवालाही सांगा," भावोजी मायेने म्हणाले.

मी रेवाकडे बघून तेच वाक्य पुन्हा म्हटलं. मनात म्हणत होते, पोरी, हे तुझ्या एका महिन्यासाठी आहे, समजून घे. पण मनातलं मनात राहतं. रेवाने मान डोलावली. भावोजींनी मला पोहे घ्यायचा आग्रह केला.

मे महिन्यात ती आली. जुईने तर घर डोक्यावर घेतलं. मी कामावरून लवकर यायचे, रोज काहीतरी नवं करायचे, मुलींना समुद्रावर न्यायचे. आणि दिवस मोजायचे नाहीत असं ठरवूनही वाट बघायचे, की कधी ही हसेल, कधी भांडेल, कधी मला उलट बोलेल. महिना अर्धा झाला. मग संपत आला. रेवा सकाळी उठून अंथरुणाची घडी घालायची, विचारल्याशिवाय टीव्ही लावायची नाही, जुईने बाठा हिसकावला तर तिला देऊन टाकायची. जुई एकदा वैतागून मला म्हणाली, "आई, ही खोटी रेवा आहे." मी तिला रागावले, आणि न्हाणीघरात जाऊन तोंडावर पाणी मारलं.

उदय म्हणायचा, "मोठी झालीय गं ती. समजूतदार झालीय." त्याला खरंच तसं दिसत होतं.

जायच्या आदल्या संध्याकाळी मी गच्चीवर वाळलेले कपडे काढत होते. रेवा वर आली आणि तिने तळहात माझ्यापुढे धरला. दाढ पडली होती. तिने ती स्वच्छ धुऊन आणली होती.

"मामी, ही शाळेत द्यायची ना?"

मी ती हातात घेतली. हिच्यासाठीच मी पनवेलला मान खाली घातली होती. पण न चिरताच मला कळलं की हिच्यात मे महिना सापडणार नाही. पोरगी माझ्या घरात महिनाभर राहिली होती आणि पनवेलहून निघालीच नव्हती. हिरवी चौकट येणार, आणि त्यानंतर कधीतरी शेवटची दाढ पडेल आणि विचारायला दातच उरणार नाहीत.

मी कपडे टाकले, तिला जवळ घेतलं. ती आली, पण अंग आखडून उभी राहिली.

"रेवा," मी म्हटलं, "इथे कुणी नाही. तिथे घरी काय होतं ते मला सांग. मला माहीत आहे सगळं. तू फक्त एकदा तुझ्या तोंडाने सांग, म्हणजे मी सोडणार नाही कुणाला."

तिने माझ्याकडे बघितलं. त्या नजरेत राग असता तरी मला चाललं असतं.

"तिथे तसं काहीही नाही, मामी," ती म्हणाली. "तूच सांगितलंस ना."

मग माझ्या हातातली दाढ तिने परत घेतली, रुमालात बांधली आणि बॅग भरायला खाली गेली.